न चढलेलं पुट

“आठ आहे,” गाडीखालून दस्तगीर मिस्त्रींचा आवाज आला. “सी, मग चौदा, मग आठ.”

“आठच ना? तीन नाही?” देशिंगकर साहेबांनी विचारलं. बघायला ते स्वतःही वाकले होते, पण पांढऱ्याशुभ्र पँटीमुळे गुडघे टेकायला धजत नव्हते.

“चाळीस वर्षं हात फिरवतोय साहेब ह्या इंजिनावर. डोळं मिटून सांगतो. आठ.”

देशिंगकर साहेबांनी वहीत टिपून घेतलं. ते निवृत्त इंजिनिअर. जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांनी कोल्हापुरात सव्वीस जानेवारीला फेरी काढायची ठरवली होती आणि कुठली गाडी खरोखर किती सालची, हे ठरवण्याचं काम साहेबांकडे होतं. चाळीस सालच्या आधीच्या गाड्या फेरीत चालत जाणार. त्यानंतरच्या मैदानात कडेला उभ्या राहणार.

“ब्रॅडवेल कंपनीची पद्धत अशी,” ते म्हणाले. “ब्लॉक ओतला की त्यावर तारीख पडायची. सी म्हणजे तिसरा महिना. चौदा मार्च. आणि शेवटी सालाचा फक्त शेवटचा आकडा.”

“म्हणजे अठ्ठेचाळीस,” बळवंतकाका म्हणाले. “आरसी बुकावर एकोणपन्नास हाय. अठ्ठेचाळीसला बनली, एकोणपन्नासला आली. जुळलं.”

“अडतीस,” शेवंताक्का म्हणाल्या.

त्या मिरची कांडपाच्या दारात उभ्या होत्या. डोक्याला फडकं, भुवयांवर तिखटाची लाल धूळ. त्यांनी एवढा एकच शब्द उच्चारला, पण तो असा टाकला की देशिंगकर साहेबांचं पेन थांबलं.

“होऊ शकतं,” ते म्हणाले. “छत्तीसपासून पन्नासपर्यंत कंपनीनं तोंडवळा बदललाच नाही. आणि एकोणपन्नासला संस्थान विलीन झालं तेव्हा इथल्या सगळ्याच गाड्यांना नवे कागद मिळाले. त्यामुळे कागदावर फार विसंबता येत नाही. पण अक्का, मला काहीतरी पुरावा लागेल. कंपनी बंद पडली, तिची दप्तरं गेली. शनिवारी संध्याकाळपर्यंत काही सापडलं तर कळवा. नाहीतर मी अठ्ठेचाळीस धरतो.”

ते गेले. बळवंतकाकांनी बहिणीकडे बघितलं. “आता तरी मान की अक्का. गाडी तुझ्यापेक्षा आठ वर्षांनी धाकटी हाय.”

शेवंताक्का आत गेल्या आणि त्यांनी कांडप सुरू केलं. आम्ही सगळे शिंकत पांगलो.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत काम करायचे. ओतीव लोखंडाचे तुकडे कापायचे, घासून आरशासारखे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा पोत बघायचा. राहायला शेवंताक्कांच्या माडीवरची खोली होती. भाडं कमी होतं, कारण खाली मिरची कांडप होतं आणि त्या खोलीत आधीचा एकही भाडेकरू महिनाभराच्या वर टिकला नव्हता. मला चार वर्षं झाली होती.

कांडपाच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये ती ब्रॅडवेल असायची. हिरवी, गोल बॉनेटची, एक डोळा किंचित तिरळा. आठवड्यातून एकदा शेवंताक्का ती स्वतः चालवत संकेश्वरला मिरची आणायला जायच्या. बाईमाणूस ट्रक चालवतं म्हणून सुरुवातीला लोक बघायचे, मग तेही सवयीचं झालं. सवयीची झाली नव्हती ती त्यांची गोष्ट. संकेश्वरच्या बाजारात, एसटी स्टँडवर, कुणाच्याही लग्नात, संधी मिळाली की त्या सांगायच्या: “मी ह्या गाडीत जन्मलो.” कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो, गेलो’ म्हणतात तसं.

गोष्ट अशी होती. त्यांचे वडील ज्ञानू पोवार हे हिराचंद शेटजींचे ड्रायव्हर. शेटजींचा गुळाचा व्यापार, चार ट्रक. नवरात्रात, पाचव्या माळेला, ज्ञानू जुना गूळ घेऊन रत्नागिरीला निघाले. बायकोचे दिवस भरत आलेले. तिचं माहेर मलकापूर वाटेवरच, म्हणून शेटजींना न विचारता त्यांनी तिला गाडीत घेतलं. बांबवड्याच्या अलीकडे तिला कळा सुरू झाल्या आणि मागे, गुळाच्या ढेपांवर, शेवंता जन्मली. साल एकोणीसशे चाळीस.

हे त्यांना आईनं सांगितलं होतं, केसांना तेल लावताना, पुन्हा पुन्हा. आई गेली तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि बळवंतकाका सात. वडील मात्र, कुणी विचारलं की एवढंच म्हणायचे, “घरी झाली.” विषय तिथे संपायचा. पुढे त्यांनी ही गाडी शेटजींकडून विकत घेतली आणि मरेपर्यंत चालवली, पण उत्तर बदललं नाही. बळवंतकाकांनी वडिलांचं ऐकलं. शेवंताक्कांनी आईचं ऐकलं. दोघांचा यावर चाळीस वर्षं वाद चालू होता आणि गाडीचे कागद बळवंतकाकांच्या बाजूनं होते.

“गुळावर जन्मली असतीस तर थोडी तरी गोड झाली असतीस,” ते म्हणायचे.

“आणि तू घरी जन्मलास म्हणून घरबशा झालास,” त्या म्हणायच्या.

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण त्या दिवशी दुपारी मी पाणी भरायला खाली आले तेव्हा शेवंताक्का शेडमध्ये गाडीच्या मडगार्डवर हात ठेवून उभ्या होत्या.

“शुभा,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला ते फेरीचं काय न्हाई. गाडी कडेला उभी राहिली तर राहिली. पण सव्वीसला सगळ्या गावासमोर पाटीवर अठ्ठेचाळीस लिहितील. मग माझी आई खोटी ठरली.”

 मला दिलासा द्यायला जमत नाही. मी म्हटलं, “बॉनेट उघडू का?”

बॉनेटखाली, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर, तळहाताएवढा शेंदराचा गोळा होता. दर खंडेनवमीला तेलात कालवलेल्या शेंदराचं एक पुट त्यावर चढायचं. मी चार वर्षं ते बघत होते. प्रसादाचा पेढा खात, काही विचार न करता बघत होते.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“गाडी आली तवापासून. शेटजींनी पहिल्या दसऱ्याला लावलं. पुढं आमच्या वडलांनी, दादांनी. मग मी.”

“एकही वर्ष चुकलं नाही?”

“न्हाई. दादा गेले तवा सुतक होतं, तर दस्तगीरनं लावलं. माझे मालक गेले तवापण त्यानंच. गाडीची पूजा चुकत न्हाई.”

“कधी धुतलंत, खरवडलंत?”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी प्रश्न मागे घेतला.

दर वर्षी एक केशरी थर. त्यावर वर्षभराची धूळ, काजळी, इंजिनाच्या तेलाचं वंगण, म्हणजे एक काळी रेघ. पुन्हा केशरी. गेल्या वर्षीचा, पंचाण्णवचा दसरा धरून, गाडी अठ्ठेचाळीसची असेल तर फार तर अठ्ठेचाळीस थर. अडतीसची असेल तर अठ्ठावन्न. लोखंडात मी याहून बारीक गोष्टी मोजत होते.

“मला यातला नखाएवढा तुकडा हवा,” मी म्हटलं.

मिस्त्रींना बोलावलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. “मी नमाज पडणारा माणूस. उद्या लोक म्हणतील दस्तगीरनं देव कापला.”

“तूच लावलायस की दोनदा,” शेवंताक्का म्हणाल्या.

“लावलाय. लावणं येगळं, काढणं येगळं.”

बळवंतकाका पण आले होते. त्यांनी सांगितलं, “देवाला हत्यार लावू नका. थापेसाठी तर अजिबात नको.”

त्या शब्दानं काम केलं. शेवंताक्कांनी पदर खोचला, पाय धुतले, गाडीला हात जोडले आणि माझ्या हातातलं हॅक्सॉ ब्लेड घेतलं. “कडेनं काढतो. पण शुभा, तुकडा परत यायला पायजे.”

“येईल.”

 ब्लेड चालत असताना मिस्त्रींनी एक जुनी गोष्ट काढली. त्यांचे अब्बा शेटजींच्या वखारीत मेकॅनिक होते.

“अब्बा सांगायचे, शेटजींची खंडेनवमी म्हणजे चार गाड्या रांगेत, चारी झळाळणाऱ्या. कुणाच्या घरी मयत असू दे न्हाईतर बाळंतपण, पूजा थांबायची न्हाई. त्या घरचा ड्रायव्हर लांब उभा राहायचा, दुसरा त्याच्या गाडीला शेंदूर लावायचा. फक्त एका वर्षी तिनच गाड्या होत्या. आपले ज्ञानूदादा आंबा घाटात आक्सल मोडून बसलेले. शेटजी असले भडकले. अब्बांना म्हणाले, नवा आक्सल घे आणि सर्व्हिस मोटारीनं आत्ताच्या आत्ता जा. अब्बा एवढं धूड खांद्यावर घेऊन घाटात पोचले. बघतात तर काय, आक्सल ठणठणीत. ज्ञानूदादा झाडाखाली निवांत, चहा उकळत बसलेले. म्हणाले, मिस्त्री, चहा घ्या आणि काही विचारू नका.”

शेवंताक्कांना सुद्धा हसू आलं. “दादांना मधेच अशी सुट्टीची लहर यायची.”

“अब्बांनी शेटजींना सांगितलं, आक्सल बसवला. खांद्यावरचा परत आणून गुपचूप ठेवून दिला,” मिस्त्री म्हणाले. “मरेस्तोवर हसायचे.”

तुकडा सुटला. मी तो कागदी पाकिटात ठेवला आणि वर तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर मी तो रेझिनमध्ये बसवला. रेझिन घट्ट झाल्यावर पॉलिश पेपरवर घासला, आधी खडबडीत, मग बारीक, मग मखमलीवर. शेंदूर ठिसूळ असतो, जोर दिला की भुगा होतो, म्हणून मी हात अगदी हलका ठेवला. सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि काही क्षण मोजायचंच विसरले. केशरी, काळं, केशरी, काळं. साडेआठ मिलीमीटरच्या जाडीत सगळे दसरे एकावर एक बसले होते. काही पुटं जाड होती, काही कंजूष. मधल्या एका जागी शेंदरात चकाकणारा कण होता, बहुधा बेगड.

मी खालून वर मोजलं. सत्तावन्न. वरून खाली मोजलं. सत्तावन्न. तुकड्याची दुसरी बाजू घासून तिच्यावर मोजलं. सत्तावन्न.

अठ्ठेचाळीस तर नाहीच. पण अठ्ठावन्नही नाही.

शनिवारी सकाळी मी देशिंगकर साहेबांना आकडे दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि लहान मुलासारखे हसले. “शेंदूर. तीस वर्षं मी गाड्यांच्या काचा आणि नट बघत आलो, शेंदूर कधी सुचला नाही. अडतीस. मी मान्य करतो.”

“एक थर कमी आहे,” मी म्हटलं.

“एखादा झडला असेल. अधिक-उणे एक लिहा. तुमच्या शास्त्रात चालतं की ते.”

चालतं. मी लिहिलं: ‘थरांची संख्या सत्तावन्न, अधिक-उणे एक’. खाली सही केली. साहेबांनी फेरीच्या यादीत ब्रॅडवेल १९३८ अशी नोंद केली आणि मी पायी परत आले. बातमी सांगितली तेव्हा शेवंताक्कांनी कांडप बंद केलं. ऐन जानेवारीत, भर दुपारी, गिऱ्हाईक रांगेत असताना. असं मी आधी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी हातातल्या तिखटासकट माझ्या गालाला हात लावला आणि माझे डोळे पुढचा अर्धा तास वाहत होते.

“अडतीस,” त्या रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होत्या. “माझ्याहून दोन वर्षांनी थोरली हाय गाडी.”

संध्याकाळी बळवंतकाका आले. ते एसटीच्या डेपोत होते, कागदाचा माणूस. त्यांनी माझं टिपण दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

“गाडी अडतीसची, मान्य,” ते म्हणाले. “ह्यात मी हरलो. पण गाडी थोरली म्हणून तू तिच्यात जन्मलीस असं कुठं होतंय? आमच्या गल्लीतली विहीर पण माझ्यापेक्षा थोरली हाय. मी काय विहिरीत जन्मलो?”

“बाळ्या—”

“दादांना मी स्वतः विचारलंय अक्का. शेवटच्या दुखण्यात विचारलंय. घरी झाली, म्हणाले. मरणाऱ्या माणसानं खोटं कशाला बोलावं?”

 शेवंताक्कांनी परत डोक्याला फडकं बांधलं आणि गिऱ्हाईक नसतानाही कांडप सुरू केलं.

रविवारी काम सुटल्यावर मी टिपण समोर घेऊन बसले. ‘अधिक-उणे एक’ हे शब्द मला टोचत होते. मी रोज असे शब्द लिहायचे आणि कधी टोचले नव्हते. पण झडला असेल तर थर वरचा झडेल, आणि वरची पुटं तर मी स्वतः चढताना बघितली होती. ती सगळी जागेवर होती. मधला थर झडू शकत नाही. तो असतो किंवा नसतो. नसला तर त्याची जागा मोकळी राहत नाही, तिथे दुसरं काहीतरी साचतं.

मी प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली. या वेळी केशरी थर मोजले नाहीत. काळ्या रेघांची जाडी मोजली, एकेक, सगळ्या छप्पन्न. बाराव्या आकड्यापर्यंत पोचायच्या आतच मला उत्तर मिळालं होतं, पण मी छप्पन्नपर्यंत गेले. मग खुर्चीला टेकून बसले. मिस्त्रींची घाटातली गोष्ट आठवली आणि त्या रिकाम्या प्रयोगशाळेत मी एकटीच मोठ्यानं हसले. वॉचमन येऊन बघून गेला.

सोमवारी फाउंड्रीला सुट्टी असायची. मी तिघांनाही घेऊन आले. शेवंताक्का ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. बळवंतकाका येतो-नाही करत आले. मिस्त्रींनी दारातच चपला काढल्या.

“बसा अक्का. एक डोळा मिटा.”

“मिटलाय.”

“काय दिसतंय?”

“केशरी. काळी रेघ. केशरी. काळी रेघ. जाजम दिसतंय की गं हे.”

“अगदी खालचं केशरी म्हणजे अडतीसचा दसरा. त्याच्या वर काळी रेघ, मग दुसरं केशरी.”

“हां. एकोणचाळीस.”

“आता त्याच्या वरची काळी रेघ बघा.”

त्या बघत राहिल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “ही जाड हाय. बाकीच्यांच्या दुप्पट तरी.”

“दोन वर्षांची काजळी आहे ती. पूर्ण तुकड्यात अशी एकच रेघ आहे. चाळीस सालच्या खंडेनवमीला या गाडीला शेंदूर लागला नाही.”

बळवंतकाकांनी बहिणीला उठवलं आणि स्वतः बसले. त्यांनीही खालून मोजलं, ओठ हलवत. “त्या वर्षी आमच्या घरी सुवेर असणार,” ते नळीतून नजर न काढता म्हणाले. “अक्का पाचव्या माळेची. बाळंतपणाचं सुवेर दहा दिवस. दादांनी देवाला हात लावला नसंल.”

“दादांनी न्हाई लावला तर दुसऱ्यानं लावला असता,” मिस्त्री म्हणाले. “शेटजींच्या वखारीत चुकायचं न्हाई. ड्रायव्हर लांब उभा राहायचा. परवाच तर सांगितलं मी. फक्त एका वर्षी तिनच...”

ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा मखमलीचा तुकडा सरळ करत होते.

“आक्सल मोडला नव्हता,” मिस्त्री हळू म्हणाले.

 बाहेर कुठेतरी घण पडत होता. शेवटी बळवंतकाकांनी नळीवरून डोळा काढला. त्यांच्या डोळ्याभोवती गोल वण उठला होता.

“सुवेर घराला नव्हतं,” ते म्हणाले. “गाडीला होतं. गाडीच बाळंतिणीची खोली झाली होती. वखारीत आणली असती तर दुसऱ्या कुणीतरी शेंदूर लावला असता. त्यांना काय म्हाईत? आणि सांगावं तर नोकरी जाणार, शिवाय तो सगळा गूळ बाटला म्हणून अंगावर येणार. म्हणून आईला माहेरी सोडून दादा घाटात बसून राहिले.”

“काही विचारू नका म्हणाले अब्बांना,” मिस्त्री म्हणाले.

“शेटजींपासून लपवलं. एकदा लपवलं म्हणून मग माझ्यापासून पण लपवलं, शेवटपर्यंत.” बळवंतकाकांनी नाक ओढलं. “देवापासून तेवढं न्हाई लपवलं.”

शेवंताक्का खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मला वाटलं त्या रडतायत. त्या वळल्या तेव्हा हसत होत्या, खांदे हलवून, आवाज न करता.

“बाळ्या,” त्या म्हणाल्या, “त्या ढेपांचं काय झालं असंल रे?”

“रत्नागिरीला खाल्ल्या असतील कुणीतरी.”

“आनंदानं खाल्ल्या असतील.”

मग आम्ही चौघंही हसलो. वॉचमन पुन्हा येऊन बघून गेला.

सव्वीस जानेवारीला फेरी निघाली. सतरा मोटारी होत्या, चकचकीत, राजेशाही, आणि त्यांच्या मागे एकच ट्रक. पाटीवर लिहिलं होतं, ब्रॅडवेल १९३८. देशिंगकर साहेबांच्या परवानगीनं खाली आणखी एक ओळ होती, मिस्त्रींनी स्वतः रंगवलेली, अक्षर जरा तिरकं: ‘चालकाचा जन्म याच गाडीत, १९४०’. लोक मोटारी बघून टाळ्या वाजवत आणि ट्रकची पाटी वाचून हसत, हात हलवत. शेवंताक्का डाव्या हातानं स्टेअरिंग धरून उजव्यानं सगळ्यांना नमस्कार करत होत्या. मी मधे बसले होते. दारापाशी मिस्त्री, अब्बांचा जुना पाना मांडीवर घेऊन.

बिंदू चौकात गाडी क्षणभर थांबली तेव्हा बळवंतकाका गर्दीतून वाट काढत आले. त्यांच्या काखेत मोठं पितळी पातेलं होतं. त्यांनी ते मागच्या फळीवर ठेवलं आणि झाकण काढलं. आत घुगऱ्या होत्या, वाफाळत्या, बारशाला वाटतात तशा.

“पंचावन्न वर्षं झाली,” ते रस्त्यावरच्या लोकांना ओंजळीनं घुगऱ्या वाटत म्हणाले. “बारसं करायचं राहून गेलं होतं गाडीत. घ्या. बहीण झालीय मला.”

त्यांनी चुकलो असं कधी म्हटलं नाही. त्या पातेल्यानंतर त्याची गरजही उरली नाही.

त्यानंतर मी बरीच वर्षं तुटलेले, चिरलेले लोखंडी भाग तपासून ते का तुटले हे सांगण्याचं काम केलं. हाताखाली नवी मुलंमुली यायची. कुणी अहवालात ‘अधिक-उणे एक’ लिहून पुढे निघालं की मी त्यांच्यासमोर तो मोजणीचा जुना कागद ठेवायचे, छप्पन्न आकड्यांचा, आणि विचारायचे, यातला कुठला वेगळा आहे. तुकडा मात्र माझ्याकडे नाही. कबूल केल्याप्रमाणे तो मी परत केला. तो शेवंताक्कांच्या देव्हाऱ्यात होता, अन्नपूर्णेच्या शेजारी, रेझिनसकट. त्यावर रोज फूल असायचं.

त्याच वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट सांगायची राहिली. गाडी धुवून पुसून उभी होती. झेंडूची माळ, ऊस, लिंबू. मिस्त्रींनी आपले पाने आणि हातोडे पुढे मांडले होते. मी प्रयोगशाळेची किल्ली आणि माझं भिंग ठेवलं. बॉनेट उघडलं. शेवंताक्कांनी वाटीत शेंदूर कालवला आणि बोट बुडवून थांबल्या.

“शुभा, चाळीसचं एक पुट राहिलंय न्हाई का? मग आज दोन लावू? हिशेब पुरा होईल. एकोणसाठच्या जागी एकोणसाठ.”

मी काही म्हणायच्या आत बळवंतकाका पुढे आले.

“लावलंस तर मी परत म्हणणार,” ते म्हणाले, “की तू घरी झालीस.”

शेवंताक्का हसल्या. त्यांनी बोट पुसलं आणि वाटी माझ्या हातात दिली. “मग तूच लाव. तुझ्या हाताला माप हाय.”

मी एकच पुट लावलं. पातळ, कडेपर्यंत सारखं.